पाण्याचं बिल अचानक वाढलं? गळती कुठे आहे ते मोबाईल वापरून असं शोधा

घरात माणसं तेवढीच, वापर तेवढाच आणि तरी पाण्याचं बिल दुप्पट. मग घरात वाद सुरू होतो. कोणी म्हणतं मशीन रोज लावतात म्हणून, कोणी म्हणतं भाडेकरू पाणी सांडतात, कोणी म्हणतं मीटरच खराब आहे. अंदाजावर भांडण्यापेक्षा हे मोजून काढणं सोपं आहे. त्यासाठी लागणारी सगळी साधनं तुमच्या मोबाईलमध्ये आहेत: कॅमेरा, स्टॉपवॉच, टॉर्च आणि कॅल्क्युलेटर.

उमरग्यासारख्या गावात हा प्रश्न शहरापेक्षा थोडा वेगळा असतो. एकाच घरात नळाचं पाणी येतं, बोअर असतो, उन्हाळ्यात टँकर येतो आणि प्यायला जार येतो. नळाला चोवीस तास पाणी नसेल तर ते आधी हौदात साठतं, मग मोटारीने वरच्या टाकीत चढतं. म्हणजे पाणी वाया जायला जागा जास्त, आणि त्याचा खर्च कधी पाणीपट्टीत दिसतो तर कधी वीजबिलात. उमरग्याहून पुण्या-मुंबईला फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्यांना मात्र थेट मीटरचं बिल येतं. या लेखात दोन्ही प्रकार घेतले आहेत.

पायरी १: नळाला हात लावण्याआधी बिल वाचा

गळती शोधायच्या आधी बिलातल्या या पाच गोष्टी तपासा. बऱ्याचदा कारण इथेच सापडतं.

१. बिल मीटरचं आहे की वार्षिक? अनेक नगरपरिषदा नळाच्या आकारावर ठरलेली वार्षिक पाणीपट्टी घेतात. अशा बिलात तुम्ही किती पाणी वापरलं याचा संबंधच नसतो. बिल वाढलं असेल तर दर वाढला असेल, जोडणीचा प्रकार घरगुतीऐवजी व्यावसायिक लागला असेल किंवा थकबाकी जोडली असेल.

२. थकबाकी आणि शास्ती. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मध्ये थकीत करावर दरमहा २ टक्के शास्ती लावायची तरतूद आहे. म्हणजे वर्षाला २४ टक्के. मागच्या वर्षीची पावती सापडत नसेल तर आधी ती शोधा.

३. कालावधी. मागचं बिल दोन महिन्यांचं आणि हे तीन महिन्यांचं असेल तर आकडा वाढणारच. तुलना करायची ती एका दिवसाच्या वापराची, बिलाच्या रकमेची नाही.

४. 'सरासरी' असा शेरा. मीटर बंद असला किंवा रीडिंग घेता आलं नाही तर अंदाजे बिल येतं. नंतर खरं रीडिंग घेतलं की मागचा सगळा फरक एकाच बिलात येतो.

५. रीडिंगचा आकडा. बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आजचा आकडा जुळतो का? मीटरवर आज बिलापेक्षा कमी आकडा दिसत असेल तर चूक वाचण्यात किंवा लिहिण्यात झाली आहे. अशा वेळी लगेच मीटरचा फोटो काढा.

पायरी २: तुमचा वापर खरंच जास्त आहे का?

पाण्याचं १ युनिट म्हणजे १ घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर. वीजेच्या युनिटशी याचा काही संबंध नाही.

तुलनेसाठी सरकारी मापदंड असे आहेत: भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर, नळयोजना असलेल्या पण भुयारी गटार नसलेल्या गावात ७० लिटर, आणि जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी ५५ लिटर.

एक उदाहरण घेऊ. मागील रीडिंग ४१२, चालू रीडिंग ४७०, दिवस ६०, घरात ५ माणसं.

वापर = ४७० − ४१२ = ५८ युनिट = ५८,००० लिटर
रोजचा वापर = ५८,००० ÷ ६० = सुमारे ९६६ लिटर
माणशी = सुमारे १९३ लिटर

माणशी १३५ लिटर धरले तर घराला रोज ६७५ लिटर पुरायला हवेत. म्हणजे रोज २९१ लिटर जास्तीचे जात आहेत. आता ते २४ तासांत वाटा: तासाला साधारण १२ लिटर, मिनिटाला २०० मिली. म्हणजे मिनिटाला एक ग्लास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोणती गळती किती मोठी असते, त्याचा अंदाज:

नळातून सेकंदाला एक थेंब: दिवसाला सुमारे २२ लिटर, महिन्याला पाऊण युनिटही नाही.
मिनिटाला एक ग्लास (२०० मिली): दिवसाला २८८ लिटर, महिन्याला साडेआठ युनिटच्या वर.
मिनिटाला १ लिटर: दिवसाला १,४४० लिटर, महिन्याला सुमारे ४३ युनिट.

यावरून एक गोष्ट कळते. टपटपणारा नळ आपल्याला दिसतो आणि ऐकू येतो, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो. पण बिल दुप्पट करण्याची ताकद त्याच्यात नसते. बिल वाढवणारी गळती बहुतेक वेळा आवाज न करता, नजरेआड चालू असते.

मिनिटाला १ लिटर म्हणजे किती, हे आपल्या भागातल्या लोकांना वेगळ्या मापात सांगता येईल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि त्यात साधारण ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका वाघिणीत ५० हजार लिटर. मिनिटाला १ लिटर गळणारा एक फ्लश ३५ दिवसांत एक अख्खी वाघीण रिकामी करतो.

पायरी ३: मीटर वाचायला शिका

घरगुती मीटरवर साधारणपणे काळे आकडे घनमीटर दाखवतात आणि लाल आकडे किंवा छोटे लाल काटे त्याच्या खालचा भाग, म्हणजे लिटर. बिल फक्त काळ्या आकड्यांवर होतं. चुकून एक लाल आकडा काळ्यात धरला तर रीडिंग थेट दहापट होतं.

काट्यांच्या बाजूला × ०.१, × ०.०१, × ०.००१ असं लिहिलेलं असतं. × ०.००१ च्या काट्याचा एक घर म्हणजे १ लिटर. याशिवाय मध्ये एक छोटी चांदणी किंवा तिकोनी चकती असते. अगदी थोडं पाणी गेलं तरी ती फिरते. गळती पकडायला हीच सगळ्यात उपयोगी.

मीटरची काच धुळीने माखलेली असेल तर ओल्या फडक्याने पुसा. मीटर खड्ड्यात असेल तर टॉर्च लावून फोटो काढा. फोटोत वेळ आणि तारीख आपोआप नोंदवली जाते, त्यामुळे वेगळी वही ठेवायची गरज नाही. मीटरच्या फोटोंचा गॅलरीत वेगळा अल्बम केला की झालं.

पायरी ४: कोडमधला बग शोधतो तशी गळती शोधा

प्रोग्रॅममध्ये चूक कुठे आहे ते कळत नसेल तर आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत बसत नाही. मध्ये थांबून बघतो: इथपर्यंत सगळं बरोबर आहे का? असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. पाईपलाईनलाही हीच पद्धत लागू पडते. घराचे चार टप्पे करा.

टप्पा क: मीटर ते हौद

ही तपासणी नळाला पाणी सुटलेलं असतानाच होते. पाणी नसताना मीटर बंदच दिसणार, त्यावरून काही कळत नाही. हौदाच्या तोंडाचा कॉक पूर्ण बंद करा, नळावरच्या बाकी तोट्याही बंद करा. आता मीटरवरच्या चांदणीचा मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. चांदणी फिरत असेल तर मीटर आणि हौदाच्या मधल्या पाईपमध्ये गळती आहे, किंवा मधेच कोणीतरी जोडणी घेतली आहे.

पैशापलीकडेही ही गळती सगळ्यात धोक्याची. पाणी चालू असताना फुटक्या जागेतून स्वच्छ पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाईपमधला दाब संपतो आणि आजूबाजूचं घाण पाणी त्याच जागेतून आत येतं. पाईप गटारीला लागून असेल तर कावीळ आणि गॅस्ट्रोला आमंत्रणच. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वासाचं पाणी येत असेल तर हा टप्पा सगळ्यात आधी तपासा आणि दुरुस्ती होईपर्यंत प्यायचं पाणी उकळून घ्या.

टप्पा ख: हौद

रात्री शेवटचं पाणी घेतल्यावर हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करा आणि फोटो काढा. सकाळी मोटार लावायच्या आधी पुन्हा बघा. २ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद हौदात पातळी १ सेंटिमीटर उतरली म्हणजे ३० लिटर गेले. स्वतःच्या हौदासाठी लांबी × रुंदी × उतरलेली पातळी, सगळं मीटरमध्ये घेऊन गुणा आणि उत्तराला १,००० ने गुणा. लिटर मिळतील.

टप्पा ग: हौद ते वरची टाकी

मोटार चालू करून टाकी भरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजा. आधी अर्ध्या तासात भरणारी टाकी आता पाऊण तास घेत असेल तर चढत्या पाईपची गळती, अडकलेला फूट व्हॉल्व्ह किंवा मोटारीची झीज यांपैकी काहीतरी आहे. मोटार बंद केल्यावर पाईपमधून पाणी मागे पळाल्याचा आवाज येत असेल तर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह गेला आहे.

टप्पा घ: टाकी ते नळ

इथेही रात्रीची खूण. १,००० लिटरच्या गोल टाकीचा व्यास १ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे ८ लिटर. रात्री ८ तास कोणी पाणी वापरलं नाही आणि तरी पातळी १२ सेंटिमीटर उतरली, तर ९६ लिटर गेले. तासाला १२ लिटर. वरच्या उदाहरणात बिलावरून काढलेला आकडाही तासाला १२ लिटरच होता. दोन वेगळ्या मार्गांनी एकच उत्तर आलं की समजायचं, चोर याच टप्प्यात आहे.

आता पुन्हा अर्धं-अर्धं करा. दुसऱ्या रात्री टाकीच्या खालचा कॉक बंद ठेवा. पातळी स्थिर राहिली तर गळती खाली घरात आहे, तरीही उतरली तर टाकीच गळते. त्यानंतरच्या रात्री फक्त संडास-बाथरूमची लाईन बंद करा. दोन-तीन रात्रींत नेमकी खोली कळते.

पायरी ५: बहुतेक वेळा गळती इथेच सापडते

फ्लशची टाकी. आतला रबरी वायसर झिजला की पाणी भांड्यात पाझरत राहतं. पाण्याची धार भांड्याच्या भिंतीला चिकटून जाते, म्हणून दिसत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वायसर बदला. हे काम स्वस्तातलं आहे.

टाकीचा बॉल कॉक. बॉल फुटला किंवा अडकला की टाकी भरल्यावरही पाणी थांबत नाही आणि ओव्हरफ्लो पाईपमधून गच्चीवर किंवा मागच्या बोळात जातं. ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली भिंतीवर हिरवट शेवाळ असेल तर हे रोज होतंय.

आरओ फिल्टर. आरओमध्ये १ लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण २ ते ३ लिटर पाणी बाहेर टाकलं जातं. हे अपेक्षितच आहे. पण आतला सोलेनॉईड व्हॉल्व्ह बिघडला तर मशीन बंद असतानाही बाहेर टाकायच्या नळीतून पाणी वाहत राहतं. आरओची टाकी भरल्यावर ती बारीक नळी ग्लासात धरून पाच मिनिटं बघा. एक थेंबही यायला नको.

सोलर हीटर आणि गिझरची लाईन. गच्चीवर कोणी जात नाही, म्हणून तिथलं पाणी महिनोन्‌महिने वाहत राहतं. उन्हात तापून पाईपचे जोड सैल होतात.

भिंतीतला पाईप. कायम ओली राहणारी जागा, फुगलेला रंग, फरशीच्या फटीत ओल दिसली की तिथे संशय घ्या. रात्री सगळं शांत असताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पाईपला आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावा. पाणी वाहत असेल तर सळसळ ऐकू येते. जुने प्लंबर असंच शोधतात.

मीटर नाही, बोअर आहे? मग वीजबिल बघा

बोअरच्या पाण्याला पाणीपट्टी नाही, पण ते फुकटही नाही. त्याचं बिल महावितरण पाठवतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, आणि मोटारीत वाया जाणारी वीज धरली तर १ एचपीची मोटार तासाला १ युनिटच्या आसपास किंवा थोडी जास्त वीज घेते. टाकीच्या गळतीमुळे ती रोज एक तास जास्त चालली तर महिन्याला ३० युनिट वाढले.

त्यातही महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी. वरचा दर सगळ्या युनिटला लागतो असं अनेकांना वाटतं, पण तो फक्त त्या टप्प्यातल्या युनिटला लागतो. तरी वाढलेले ३० युनिट नेमके वरच्या महागड्या टप्प्यातच पडतात, म्हणून रक्कम डोळ्यात भरते.

मोटार किती वीज खाते ते तुम्ही स्वतः मोजू शकता. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३,२००. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त मोटार चालू ठेवा. दिव्याचा एक मिनिटाचा स्लो मोशन व्हिडिओ काढा आणि लुकलुक मोजा. समजा ६४ आल्या. ६४ × ६० ÷ ३,२०० = १.२. म्हणजे मोटार तासाला १.२ युनिट घेते.

उन्हाळ्यात गळती नसतानाही हा खर्च वाढू शकतो. आपल्या भागात जमिनीखाली काळा कातळ आहे. पाणी त्याच्या भेगांमध्ये साठतं आणि एप्रिल-मेमध्ये पातळी खाली जाते. तेवढंच पाणी जास्त खोलीवरून ओढायला मोटार जास्त वेळ चालते. म्हणून यंदाच्या मेची तुलना जानेवारीशी न करता मागच्या मेशी करा. महावितरणच्या अॅपमध्ये मागचे महिने बघायला मिळतात.

मीटरच चुकत असेल तर?

सगळे टप्पे कोरडे निघाले तर मीटर तपासा. प्यायच्या पाण्याचा २० लिटरचा जार यासाठी उत्तम माप आहे. पाणी सुटलेलं असताना मीटरनंतरच्या पहिल्या तोटीवरून तो जार पाच वेळा भरा, म्हणजे १०० लिटर. मीटर ०.१०० घनमीटरने पुढे जायला हवा. घरगुती मीटरच्या भारतीय मानकात नेहमीच्या प्रवाहाला २ टक्के आणि अगदी बारीक प्रवाहाला ५ टक्के फरक चालतो. आपलं घरचं मोजमाप असल्यामुळे ९५ ते १०५ लिटर दाखवले तर मीटर ठीक समजा. १२० दाखवले तर तक्रार करायला कारण आहे.

दुसरी गोष्ट हवेची. काही दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या पाईपमधली हवा पाण्याच्या पुढे ढकलली जाते. नळातून फुसफुस येते, पाणी नसतं आणि मीटर मात्र फिरत असतो. असं दिसलं तर एकाच व्हिडिओत आधी मीटर आणि मग नळ दाखवा. हवा काढायचा व्हॉल्व्ह मीटरच्या आधी बसवता येतो, पण तो नगरपरिषदेच्या परवानगीनेच.

पुण्यात समान पाणीपुरवठा योजनेत एएमआर मीटर बसवले जात आहेत. त्यांचं रीडिंग रेडिओ लहरींवरून घेतलं जातं, त्यामुळे वाचण्याची चूक टळते. पण गळती झालेलं पाणीही ते तितक्याच प्रामाणिकपणे मोजतात. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देताना मीटर आणि चढते दर दोन्ही एकत्र आणले. कमी वापरणाऱ्याला कमी दर, जास्त वापरणाऱ्याला जास्त. अशा ठिकाणी गळती दोनदा महागात पडते, कारण युनिट वाढतात आणि दरही वाढतो.

तक्रार अशी करा

तोंडी सांगून काम होत नाही. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा. त्यात ग्राहक क्रमांक, बिलाचा कालावधी, बिलावरचं रीडिंग, आजचं रीडिंग, तुमची चाचणी आणि मागणी एवढंच असू द्या. फोटो तारखेसह छापून जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली नागरी संस्थांच्या ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यात नादुरुस्त मीटरची तक्रारही आहे, म्हणजे उत्तर ठरलेल्या मुदतीत मिळायला हवं. उत्तर आलं नाही तर याच कायद्यात वर अपील करता येतं.

बिल वादात असलं तरी थकवू नका, नाहीतर शास्ती चालू होईल. मागच्या सरासरीइतकी रक्कम भरून घ्यावी आणि पुढच्या बिलात फरक समायोजित करावा, असं अर्जातच लिहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

भाडेकरू आणि आपलं मीटर एकच आहे. वाद कसा मिटवायचा?
बाजारात छोटे मीटर मिळतात. भाडेकरूच्या लाईनवर एक बसवा आणि दर महिन्याच्या १ तारखेला दोघांच्या समोर फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सअॅपवर ठेवा. त्याआधी टप्पा क, ख आणि ग तपासा. तिथली गळती कोणाच्याच वापराची नसते, आणि तिचे पैसे भाडेकरूकडून मागणं योग्य नाही.

गळती सापडली, दुरुस्त केली. आता बिल किती कमी होईल?
दुरुस्तीनंतर सात दिवस रोज एकाच वेळी मीटरचा फोटो काढा. सात दिवसांचा वापर भागिले ७, गुणिले बिलाचे दिवस. पुढचं बिल येण्याआधीच तुम्हाला आकडा माहीत असेल.

दर महिन्याला एवढं सगळं करायचं का?
नाही. मोबाईलमध्ये दर महिन्याच्या १ तारखेचा रिमाइंडर लावा, मीटरचा एक फोटो काढा, शीटमध्ये एक आकडा टाका. मीटर नसेल तर टाकीची रात्रीची खूण. रोजचा वापर मागच्या महिन्यापेक्षा पाव हिश्शाने वाढला, तरच वरचे टप्पे परत तपासा. तीन महिन्यांनी बिल येऊन कळण्यापेक्षा तीस दिवसांत कळलेलं बरं.